पहिल्या रात्रीचा हिशेब

गुडघा किंवा खुबा बदलल्यावर रुग्णाला रुग्णालयात किती दिवस ठेवावं, यावरून सध्या दोन तट पडले आहेत. रुग्ण आणि नातेवाईक म्हणतात, पूर्वी टाके काढूनच घरी पाठवायचे, आता दुसऱ्या दिवशी हातात कागद देऊन वाटेला लावतात, दर्जा घसरला. सर्जन आणि व्यवस्थापक म्हणतात, लवकर घरी जाणं हीच प्रगती आहे. जंतुसंसर्ग टळतो, माणूस लवकर चालायला लागतो, आणि तुमची तक्रार ही जुन्या सवयीची आहे. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोन्ही बाजू एकच गोष्ट मोजतात : दिवस. या दिवसांच्या भांडणात खरं घोडं कुठे पेंड खातं ते कुणी बघत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीचा दर्जा बऱ्याच ठिकाणी घसरला आहे, हे खरं आहे. पण त्याचं कारण दिवस कमी झाले हे नाही. पंधरा दिवसांत पसरलेलं काम दोन दिवसांत बसवायचं, तर त्या दोन दिवसांत माणसं जास्त लागतात, आणि घरी गेल्यावर उरलेलं काम कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. झालं उलटच. दिवसांबरोबर हातही कमी केले, आणि उरलेलं काम कुणाकडे सोपवलं याची नोंदच ठेवली नाही. सांधा बसवण्याचं काम दीड तासात संपतं. तो सांधा त्या माणसाचा व्हायला जे काम लागतं, ते मात्र बेवारस झालं आहे.

आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. जुन्या दिवसांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये आजच्या धर्तीचं खुबारोपण सुरू केलं, तेव्हा रुग्ण आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहत. त्यातला बराच काळ खाटेवर जाई, आणि खाट ही काही निरुपद्रवी वस्तू नाही. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ मध्येच बजावलं होतं, की निजून राहिल्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होतात, हाडं विरळ होतात, बद्धकोष्ठ होतो, लघवी तुंबते आणि मनही खचतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं निजवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू घटला. हे निरोगी लोक होते. गुडघा उघडलेले नव्हते. त्या लांबलचक मुक्कामात केलेले सगळे उपचार तरी कामाचे होते का? गुडघा आपोआप वाकवणाऱ्या यंत्रावर पाय तासन्‌तास बांधून ठेवायची पद्धत अनेक वर्षं चालली. पुढे चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा त्या यंत्राचा लक्षात येण्याजोगा, टिकाऊ फायदा दिसला नाही. तेव्हा 'पूर्वी किती छान ठेवायचे' या आठवणीत बरंचसं निरर्थक निजणंही मिसळलेलं आहे.

इथवर व्यवस्थापकांशी माझं एकमत आहे. मतभेद पुढे सुरू होतो.

लवकर घरी पाठवण्याची कल्पना आली कुठून? डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं, आणि त्यांचा प्रश्न 'किती दिवसांत पाठवता येईल' असा नव्हता. रुग्ण आज अजून रुग्णालयात का आहे, असा त्यांचा प्रश्न होता. खुबा आणि गुडघ्याच्या रुग्णांबाबत उत्तरं मिळाली ती अगदी साधी : वेदना, चक्कर, अशक्तपणा. काही जण तर फक्त फिजिओथेरपिस्टची किंवा एक्स-रेची वाट बघत थांबलेले. मग त्या एकेका कारणाचा बंदोबस्त केला. शस्त्रक्रियेआधी शिकवणी, वेगवेगळ्या मार्गांनी वेदनाशमन, अफूवर्गीय औषध कमीत कमी, नळ्या लवकर काढणं, त्याच दिवशी उभं करणं, आणि घरी सोडण्याचे निकष सगळ्यांसाठी सारखे. हे सगळं झाल्यावर दिवस आपोआप कमी झाले. तिथे दिवस हे फळ होतं. नंतर ज्यांनी ही पद्धत उचलली त्यांतल्या पुष्कळांनी फळ तेवढं तोडून नेलं आणि झाड लावलंच नाही. 'दोन दिवस' हा परिणाम होता, तो नियम झाला.

असं पूर्वी एकदा घडून गेलेलं आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने रुग्णालयांना झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देणं बंद करून आजाराप्रमाणे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. मुक्काम भराभर आखडले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका मोठ्या रुग्णालयातल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांची या बदलाआधीची आणि नंतरची तुलना केली होती. सरासरी मुक्काम २१.९ दिवसांवरून १२.६ दिवसांवर आला. फिजिओथेरपीच्या बैठका ७.६ वरून ६.३ झाल्या. रुग्णालय सोडताना रुग्ण जास्तीत जास्त २७ मीटर चालत असे, तो आता ११ मीटर चालू लागला. आणि वर्षभरानंतरही शुश्रूषागृहातच अडकून पडलेल्यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेलं. ही हाड मोडलेली, जास्त नाजूक माणसं होती. ठरवून सांधा बदलणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. शिवाय देशभराच्या पाहणीत मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, हेही सांगायला हवं. अस्थिर प्रकृतीत घरी पाठवलेले मात्र तिथेही वाढलेले दिसले. मृत्यू वाढले नाहीत म्हणून सगळं आलबेल, असं म्हणायचं का? सांधा बदलणारा माणूस मरण टाळायला आलेला नसतो. तो चालायला आलेला असतो. त्याच्या बाबतीत २७ चे ११ मीटर होणं हाच पराभव.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. सकाळी दहाला गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची पहिली रात्र तासातासाने पाहा, म्हणजे दर्जा नेमका कुठे गळतो ते कळेल. कण्यातली भूल दोन ते चार तासांत उतरते. सर्जनने सांध्याभोवती टोचलेलं बधिर करणारं औषध, किंवा मांडीतली नस बधिर करायला दिलेलं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक, साधारण १२ ते २४ तास पुरतो. म्हणजे दुपारी नातेवाईक भेटायला येतात तेव्हा माणूस हसत असतो, 'काहीच दुखत नाही' म्हणतो. वेदना उसळते रात्री दहानंतर, पहाटेपर्यंत केव्हाही. आणि वॉर्डात माणसं सर्वांत कमी असतात ती याच वेळी. औषधाच्या कागदावर 'लागेल तेव्हा' असं लिहिलेलं असेल, तर रुग्ण आधी सहन करतो, मग घंटा वाजवतो, मग सिस्टर येईपर्यंत वाट पाहतो, मग ती कपाटाची किल्ली आणि दुसऱ्या सिस्टरची सही शोधते. तोवर वेदना इतकी पुढे गेलेली असते की साध्या गोळीने ती आवरत नाही. अफूवर्गीय इंजेक्शन द्यावं लागतं. त्याने मळमळ, गुंगी, चक्कर. सकाळी फिजिओथेरपिस्ट येतो, रुग्णाला उभं राहवत नाही, आणि कागदावर शेरा पडतो : 'रुग्णाने व्यायामास नकार दिला.' रात्री एका गोळीला झालेला उशीर सकाळी रुग्णाचा आळस म्हणून नोंदवला जातो.

हे टाळायला कुठलंही नवं औषध लागत नाही. ब्लॉक उतरायची वाट न पाहता, घड्याळ लावून, दर सहा तासांनी पॅरासिटामॉल. प्रौढाला एका वेळी एक ग्रॅम, दिवसाला चारच्या वर नाही, आणि वजन कमी किंवा यकृत अशक्त असेल तर त्याहून कमी. मूत्रपिंड आणि जठर झेपवत असेल तर जोडीला दाह कमी करणारं औषध. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून अनेकदा. अफूवर्गीय औषध फक्त राखीव, आणि ते सुरू केलं की त्याच वेळी शौच साफ होण्याचं औषधही. यातलं काहीच अवघड नाही. फक्त रात्री दोन वाजता कुणीतरी रुग्णाच्या खाटेशी यायला हवं.

त्याच रात्री आणखी काय काय बघायचं असतं? पाऊल. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. सुजेमुळे किंवा घट्ट पट्टीमुळे ती दबली की पाऊल वर उचलता येत नाही. मुळात आतल्या बाजूला झुकलेला गुडघा सरळ केला असेल तर ती ताणली जाण्याचा धोका जास्त. तपासणी एका वाक्याची : "अंगठा वर करा." नाही झाला, तर पट्टी अगदी कातडीपर्यंत मोकळी करायची, गुडघा थोडा वाकवून ठेवायचा आणि सर्जनला कळवायचं. पण भूल पूर्ण उतरेपर्यंत हा दोष दिसतच नाही. म्हणून दुपारी एकदा विचारून भागत नाही, संध्याकाळी आणि रात्री पुन्हा विचारावं लागतं. तो दुसरा प्रश्न विचारला गेला नाही, तर सकाळच्या फेरीत पाऊल लोंबकळताना दिसतं आणि नस किती तास दबली होती ते कुणालाच सांगता येत नाही.

मग लघवी. कण्यातल्या भुलेनंतर मूत्राशयाची जाणीव उशिरा परतते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत हा प्रश्न नेहमीचाच. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर पोटावर स्कॅनर ठेवून किती साठली आहे ते पाहायचं. चारशे-सहाशे मिलिलिटरच्या वर गेली तर एकदा नळी घालून मोकळी करायची. हे वेळेत झालं नाही तर मूत्राशय ताणून सैल पडतं, नळी दिवसेंदिवस ठेवावी लागते, आणि तिच्यातून जंतू शिरायला वाट मिळते. किंवा याच्या उलट होतं : रात्री तीनला लघवी लागते, घंटेला उत्तर येत नाही, आणि माणूस 'कुणाला कशाला त्रास' म्हणून स्वतःच उठतो. रात्री रुग्णालयात पडलेल्यांच्या कथा अशाच सुरू होतात. मांडीच्या मोठ्या नसेला ब्लॉक दिलेला असेल तर पुढचा स्नायू लुळा असतो, गुडघा अचानक मुडपतो. याच कारणाने अनेक भूलतज्ज्ञ आता स्नायूचं बळ बव्हंशी राखणारा, मांडीच्या आतल्या बाजूचा ब्लॉक पसंत करतात. सुधारणा चांगलीच आहे. पण रक्तदाब खाली घसरून येणारी घेरी कुठल्याही ब्लॉकने थांबत नाही. तिच्यावर उपाय एकच : खाटेच्या कडेला दोन-तीन मिनिटं बसवणं, निजलेला आणि उभा असे दोन्ही रक्तदाब मोजणं, पाय सरळ ठेवून उचलता येतो का ते पाहणं आणि मग, पहिल्या खेपेला दोन माणसांनी मिळून उभं करणं.

एका उशीचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण देखभाल म्हणजे काय ते त्यात सगळं येतं. गुडघा दुखत असला की तो थोडा वाकवून ठेवला तर बरं वाटतं. म्हणून मायेने कुणीतरी गुडघ्याखाली उशी सरकवतं. रात्रभर गुडघा वीसेक अंशांत वाकलेला राहतो, मागचं आवरण आणि स्नायू आखडतात, आणि काही दिवसांत पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. गुडघ्याचं वाकणं पुढे हळूहळू वाढवता येतं. हरवलेलं सरळपण परत मिळवणं त्याहून कठीण. पाच-दहा अंशांची कसर राहिली तरी उभं असताना मांडीच्या स्नायूला सतत राबावं लागतं, पाय लवकर थकतो, चाल लंगडी होते. उशी हवी ती पोटरीच्या आणि घोट्याच्या खाली, म्हणजे गुडघा सरळ राहतो आणि टाचही अधांतरी राहते. बधिर पायाची टाच गादीवर टेकून राहिली तर तिथे काही तासांत दाबाची जखम होऊ शकते, हाही फायदा त्याच उशीचा. वस्तू एकच, खर्च शून्य. फक्त ती कुठे ठेवायची हे माहीत असणाऱ्या माणसाने रात्री दोनदा खोलीत डोकावायला हवं.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो : माणसं आणायची कुठून? परिचारिका मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत, आणि पैसे मर्यादित आहेत. आक्षेप खरा आहे, आणि 'सिस्टर लक्ष देत नाहीत' म्हणणाऱ्या नातेवाइकांनी तो नीट ऐकायला हवा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात अर्थ नाही. बिअ‍ॅट्रिस कॅलिश या अमेरिकी परिचर्या-संशोधक. त्यांनी २००६ मध्ये परिचारिकांनाच विचारलं की कुठली कामं नेहमी राहून जातात. यादीत होतं : रुग्णाला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, शिकवणं, घरी जाण्याची तयारी, धीर देणं, स्वच्छता, किती प्यायलं आणि किती लघवी झाली याची नोंद, आणि लक्ष ठेवणं. यादी पुन्हा वाचा. सांधा बदललेल्या माणसाला जे जे लागतं, नेमकं तेच पहिल्यांदा गळतं. औषधाचा डोस चुकला तर चौकशी होते. माणसाला चालवलं नाही तर होत नाही. कामाचा ताण आला की, ज्या कामाची विचारपूस होत नाही ते कुणीही आधी सोडणार.

पैशांचा मुद्दा मात्र पूर्ण पटत नाही. ठरावीक रकमेच्या पॅकेजमध्ये इम्प्लांटची किंमत ठरलेली, शस्त्रक्रियागृहाचा खर्च ठरलेला, सर्जनचं मानधन ठरलेलं. कात्री चालते ती एकाच जागी : सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या तासांवर. ही बचत असते का? परिचर्या-संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांची माहिती तपासली. एका परिचारिकेकडे सोपवलेला प्रत्येक जादा रुग्ण आणि शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढणं, या दोन गोष्टी हातात हात घालून जाताना दिसल्या. असा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाही, हे मान्य. पण २००९ मध्ये सामान्य आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांवर प्रसिद्ध झालेला दुसरा एक अमेरिकी अभ्यास याच्या शेजारी ठेवा. जास्त मृत्यूंची आणि कमी मृत्यूंची रुग्णालयं तुलनेला घेतली, तर गुंतागुंत होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळपास दुप्पट. फरक होता तो गुंतागुंत वेळेत ओळखून रुग्णाला बाहेर काढण्यात. वेळेत ओळखायचं कुणी? जो खाटेजवळ असतो त्याने. आणि एका जंतू लागलेल्या सांध्याचा हिशेब मांडा : तो काढून टाकायचा, आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक द्यायचं, मग पुन्हा नवा बसवायचा. वाचवलेल्या तासांचं बिल असं दुसऱ्याच खात्यावर, पुष्कळदा दुसऱ्याच रुग्णालयात, निघतं. म्हणून पहिल्या ठिकाणी ती बचत दिसते. कॅलिफोर्नियाने २००४ पासून एका परिचारिकेमागे रुग्ण किती याची कमाल मर्यादा कायद्याने घातली, आणि ती रात्रीही लागू असते. अशी मर्यादा घालणं अशक्य आहे, असं निदान म्हणू नये.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. रोबोट आहे, संगणकावर आखणी आहे, नव्या धर्तीचा गुडघा आहे. मग दर्जा घसरला कसा? हाड कापण्यातली अचूकता वाढली, यात शंका नाही. पण गुडघा बदललेल्या साधारण पाचांतल्या एकाला समाधान मिळत नाही, ही गोष्ट सर्जनमंडळींनाच केव्हापासून ठाऊक आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा सांधा एक्स-रेमध्ये उत्तम बसलेला असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूचं बळ निम्म्याहून जास्त घटतं, कारण सांध्यात सूज असली की मेंदू त्या स्नायूला पुरेसा हुकूमच देत नाही. रोबोट त्यात काय करणार? सूज उतरवणं, वेदना आवरणं आणि तो स्नायू पुन्हा जागा करणं हे कंटाळवाणं, रोजचं, माणसाने करायचं काम आहे. तिथली माणसं कमी करून यंत्र घेणं म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

आपण मोजतो काय, हाही प्रश्न यातच आहे. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आग्रह धरला होता की प्रत्येक रुग्णाचा माग शस्त्रक्रियेनंतर निदान वर्षभर ठेवा आणि निकाल उघड करा. समव्यावसायिकांना ते रुचलं नाही. पुढे स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. या नोंदवह्यांचे उपकार मोठे आहेत. वाईट इम्प्लांट त्यांच्यामुळेच उघडे पडले. पण नोंदवही मुख्यतः एकच प्रश्न विचारते : सांधा पुन्हा बदलावा लागला का? ज्याचा गुडघा ७० अंशांच्या पुढे वाकत नाही आणि जो निमूटपणे खुर्चीत बसून आहे, तो या हिशेबात 'यशस्वी' ठरतो. इंग्लंडमध्ये २००९ पासून रुग्णालाच प्रश्नावली देतात, ही पुढची पायरी आहे. पण तीही सहा महिन्यांनंतर येते. पहिल्या रात्री काय राहून गेलं ते तिच्यात शोधूनही सापडणार नाही.

'रुग्णच व्यायाम करत नाहीत' या तक्रारीत तथ्य आहे. स्नायू ज्याचा त्यानेच कमवायचा असतो. पण शिकवलं कधी? शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, गुंगीत, दहा मिनिटांत, छापील कागद हातात देऊन. त्या कागदावर 'घोटा वरखाली दहा वेळा' असं असतं. कशासाठी ते नसतं. हीच शिकवणी दोन-तीन आठवडे आधी झाली, वॉकर धरून चालवून घेतलं, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी हे करून दाखवायला लावलं, तर त्याच माणसाचा 'आळस' बराच कमी होतो. वृद्धांच्या बाबतीत चष्मा आणि कानाचं यंत्र शुद्धीवर येताक्षणी परत द्यावं, रात्री अखंड झोप मिळू द्यावी, इतक्यानेही भ्रम होण्याचं प्रमाण घटतं. अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ शॅरन इनॉय यांच्या अशाच साध्या कार्यक्रमाने ते १९९९ मध्ये दाखवून दिलं. भ्रमात असलेल्या माणसाला व्यायाम कुठला सांगता?

आणि मग घर. सूज आणि दुखणं पुष्कळांना घरी गेल्यावरच जास्त जाणवतं, आणि नेमकी त्याच सुमारास गोळ्यांची पट्टी संपते. रक्त गोठू नये म्हणून दिलेलं औषध खुब्यासाठी साधारण ३५ दिवस आणि गुडघ्यासाठी साधारण १४ दिवस चालायला हवं असतं. 'आता बरं वाटतंय' म्हणून ते मध्येच बंद होतं, जेव्हा गुठळीचा धोका अजून टळलेला नसतो. जखमेतून पाण्यासारखा स्राव पाच-सात दिवसांनंतरही येत राहिला तर ती सर्जनने स्वतः पाहायची गोष्ट आहे. त्याऐवजी कुणीतरी फोनवर अँटिबायोटिकची गोळी सांगतं. गोळीने लक्षणं झाकली जातात, पुढे जंतू तपासणीत सापडत नाहीत, आणि तेवढ्यात ते धातूवर आपला चिकट थर बांधून बसतात. पहिल्या काही आठवड्यांत सांधा धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून तो वाचवता येण्याची संधी असते. पुढे तोच सांधा काढावा लागतो. लवकर घरी पाठवणाऱ्या रुग्णालयाने दोन दिवसांनी आणि पुन्हा पाचव्या-सहाव्या दिवशी स्वतःहून फोन करणं, जखमेचा फोटो मागवणं आणि रात्री फोन उचलायला सांध्यांची जाण असलेलं माणूस ठेवणं, ही सौजन्याची बाब नाही. दोन दिवसांच्या मुक्कामाचा तो उरलेला भाग आहे, आणि पॅकेजमध्ये तो धरलेला असतोच, अशी रुग्णाची समजूत असते.

मागणी दिवस वाढवण्याची करू नये. मागणी असावी ती काही आकडे उघड करण्याची : रात्री एका सिस्टरमागे किती खाटा, पहिल्या २४ तासांतल्या वेदनाशामकांपैकी किती ठरल्या वेळी दिली, शस्त्रक्रियेनंतर किती तासांनी उभं केलं, किती जण पडले, सहाव्या आठवड्यात गुडघा किती अंश सरळ आणि किती अंश वाकतो, आणि ३० दिवसांत किती जणांना परत यावं लागलं. यावरचा आक्षेप मला माहीत आहे : रुग्णालयं आकडे भरतील, पण खोटे भरतील. भरतीलही. रात्री दोनचं औषध सकाळी सहाला, बाकीच्या सगळ्या सह्यांबरोबर, एकाच शाईने आणि एकाच बैठकीत 'दिलं' म्हणून लिहून टाकण्याची रीत वॉर्डांना नवी नाही. त्यासाठीच औषधाच्या पट्टीवरचा कोड खाटेशी स्कॅन केल्याशिवाय औषधाची वेळ नोंदवता येऊ नये, अशी सोय करता येते, आणि ती अनेक रुग्णालयांत आधीपासून आहे. बिलात प्रत्येक गोळी न चुकता धरली जावी म्हणून बसवलेलं यंत्र ती गोळी किती वाजता दिली तेही सांगू शकतं. तो रकाना छापून रुग्णाच्या हातात द्यायला कुणी सांगितलेलं नाही, इतकंच.